'बॉयकॉट' : एका इंग्रजी आडनावाचा आणि आमच्या बहिष्काराचा इतिहास

सिनेमा आवडला नाही की बॉयकॉट. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीवरून वाद झाला की बॉयकॉट. गावाला रस्ता मिळाला नाही म्हणून मतदानावर बॉयकॉट. हा इंग्रजी शब्द आता इतका आपला झाला आहे की तो कुठून आला, कोणी जन्माला घातला, हे कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र ते विचारावे लागते. कारण या शब्दाचे मराठी भाषांतर 'बहिष्कार' असे होते आणि 'बहिष्कृत' हे आमच्या आजोबा-पणजोबांचे नाव होते.

आणखीही एक कारण आहे. गावाने वस्तीचा किराणा बंद केला, मजुरी बंद केली, पिठाच्या गिरणीवर दळण घेणे बंद केले आणि कार्यकर्ते तक्रार द्यायला गेले की समोरून हमखास एक युक्तिवाद येतो. "कोणाला कामावर बोलवायचे, कोणाला माल विकायचा, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. तुम्ही मेलेली गुरे ओढायची बंद केली, तो बहिष्कार नव्हता का? तुमचा बहिष्कार म्हणजे आंदोलन आणि आमचा बहिष्कार म्हणजे अत्याचार, हा कुठला न्याय?" वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड वाटतो. अनेक तरुण कार्यकर्ते इथे अडखळतात. म्हणून या शब्दाचा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे. उत्तर त्या इतिहासातच आहे.

आयर्लंडमधले एक आडनाव

'बॉय' म्हणजे मुलगा आणि 'कॉट' म्हणजे खाट, अशी फोड करून या शब्दाचा अर्थ लागत नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात १८३२ साली जन्मला. काही काळ तो लष्करात होता, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. पुढे तो आयर्लंडमध्ये गेला आणि १८७३ पासून मेयो परगण्यात मास्क सरोवराच्या काठी राहू लागला. तेथील जमीन लॉर्ड अर्न या जमीनदाराची होती आणि बॉयकॉट त्याचा कारभारी होता. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि जो देणार नाही त्याला जमिनीवरून व घरातून बाहेर काढायचे, हे त्याचे काम.

त्या वेळी आयर्लंडमधील बहुतेक जमीन मूठभर जमीनदारांच्या मालकीची होती. ते बहुतांशी इंग्रजी वळणाचे आणि प्रोटेस्टंट, तर जमीन कसणारी कुळे कॅथलिक. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात या देशातील सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली होती आणि त्याहून अधिक देश सोडून गेली होती. १८७९ साली पीक पुन्हा बुडाले. कुळांच्या मनात जुन्या दुष्काळाची धास्ती जागी झाली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला मेयोमध्येच 'लँड लीग' ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचा खरा निर्माता मायकेल डेव्हिट. त्याच्या कुटुंबाला तो लहान असतानाच जमिनीवरून हुसकावण्यात आले होते आणि पोरवयात कापडगिरणीत काम करताना त्याने एक हात गमावला होता. संघटनेचे अध्यक्षपद चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलकडे होते.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेलची सभा झाली. एका कुळाला हुसकावून लावलेली जमीन दुसऱ्या कोणी खंडाने घेतली तर त्या माणसाचे काय करायचे, असा प्रश्न त्याने लोकांना विचारला. गर्दीतून ठार मारा असे ओरडे आले. पार्नेल म्हणाला, याहून चांगला मार्ग आहे. तो माणूस रस्त्यात भेटला, दुकानात दिसला, बाजारात दिसला, प्रार्थनेच्या जागी दिसला, तरी त्याच्याशी व्यवहार करू नका. पूर्वी महारोग्याला जसे समाजापासून वेगळे ठेवत तसे त्याला एकटे पाडा.

इथे क्षणभर थांबू. एखाद्याला पूर्णपणे तोडणे म्हणजे काय, हे समजावण्यासाठी आयर्लंडच्या पुढाऱ्याला महारोग्याचे उदाहरण द्यावे लागले. त्यासाठी त्यांच्या स्मरणात एक भयंकर रोग होता. आपल्या देशात त्याला रोगाची गरज पडली नसती. गावाबाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवले असते तरी लहान पोरालाही कळले असते.

या सभेनंतर तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या ताब्यातील कुळांना घर-जमीन सोडण्याच्या नोटिसा बजावण्यासाठी माणूस आला. कुळांनी खंडात चौथाई सूट मागितली होती. जमीनदार दहा टक्क्यांवर अडून बसला होता. नोटीस बजावणाऱ्याला गावातील बायकांनी चिखल, शेण आणि दगड मारून पिटाळले. मग लोक बॉयकॉटच्या घरी गेले आणि तेथील नोकरांना काम सोडायला सांगितले. शेतमजूर गेले, घरगडी गेले, धोबीण गेली, लोहाराने काम नाकारले, जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदारांनी माल देणे बंद केले. टपाल आणणाऱ्या पोरालाही दम दिला गेला. हे शेवटचे आम्ही मुद्दाम लिहितो. त्या बहिष्कारात धाकदपटशा नव्हताच असे म्हणणे खोटे ठरेल.

नवा शब्द का लागला?

या घटनेला काय म्हणायचे, असा प्रश्न तेव्हाच पडला होता. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तेथे होता. त्याने लिहून ठेवलेल्या हकिगतीनुसार, जवळच्या द नील या गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याशी त्याची या प्रश्नावर चर्चा झाली. इंग्रजीत 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळणार नाही, असे फादरचे मत पडले. मग फादर म्हणाले, त्याला 'बॉयकॉट करणे' म्हटले तर? रेडपाथने तो शब्द आपल्या वार्तापत्रात वापरला. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये नोव्हेंबर १८८० मध्ये तो क्रियापद म्हणून छापून आला. थोड्याच काळात तो फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांमध्ये शिरला. दोन-तीन महिन्यांत एका जिवंत माणसाचे आडनाव क्रियापद झाल्याची अशी उदाहरणे थोडीच.

आमच्या मते जुने शब्द अपुरे पडले याचे कारण फक्त शेतकऱ्यांचे अज्ञान हे नव्हते. 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द प्राचीन अथेन्समधला. तेथील नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून मत देत आणि ज्याच्या विरोधात मते पडत त्याला दहा वर्षे नगराबाहेर जावे लागे. त्याची मालमत्ता शाबूत राही आणि मुदत संपली की तो परत येई. दुसरा शब्द 'एक्सकम्युनिकेशन'. तो चर्चचा, म्हणजे वरून खाली येणारा हुकूम. मेयोच्या कुळांकडे अथेन्सच्या नागरिकांसारखी सत्ता नव्हती आणि चर्चच्या गादीसारखा अधिकारही नव्हता. त्यांच्याकडे फक्त स्वतःचे श्रम होते आणि ते काढून घेण्याची एकजूट होती. खालून वर चालवलेले हे हत्यार नवे होते, म्हणून त्याला नवा शब्द लागला. 'बॉयकॉट' या शब्दाचा मूळ अर्थ हा आहे: ज्यांच्याकडे काही नाही त्यांनी, ज्याच्याकडे सगळे आहे त्याच्याकडून आपले हात काढून घेणे.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. बॉयकॉटने 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली. वर्तमानपत्रांतून त्याच्यासाठी निधी उभा राहिला. उत्तरेकडील परगण्यांतून ५० स्वयंसेवक त्याचे पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे हजार सैनिक व पोलीस पाठवले. सुमारे ५०० पौंडांचे पीक वाचवायला १०,००० पौंड खर्च झाला, असा तेव्हाचा अंदाज आहे. काम संपल्यावर, नोव्हेंबरअखेरीस, बॉयकॉट लष्करी बंदोबस्तात डब्लिनला आणि तेथून इंग्लंडला गेला. पुढे इंग्लंडमध्येही त्याने कारभाऱ्याचीच नोकरी केली आणि १८९७ साली तो वारला. तोपर्यंत कुळांच्या लढ्यालाही फळ आले होते. १८८१ च्या जमीन कायद्याने वाजवी खंड ठरवण्याचे काम न्यायालयाकडे गेले.

म्हणजे ज्याच्या नावाने जगात बहिष्कार ओळखला जातो, त्या माणसाला बहिष्काराच्या काळात वर्तमानपत्र होते, सरकार होते, फौज होती आणि परत जायला स्वतःचा देश होता.

आमच्याकडे शब्द नव्हता, गोष्ट होती

महाराष्ट्रात 'बॉयकॉट' हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून वाळीत टाकणे होते. जातीतल्या माणसाला जातीबाहेर काढण्याच्या वादांना पेशवाईत 'ग्रामण्य' म्हणत. प्रबोधनकार ठाकरे यांनी 'ग्रामण्याचा साद्यंत इतिहास' हे पुस्तकच लिहिले आहे. ज्यांना हा विषय खोलात पाहायचा आहे त्यांनी ते जरूर वाचावे.

खालून वर चाललेला बहिष्कारही इथे अगदीच अनोळखी नव्हता. १८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने कर्जाच्या हुकूमनाम्यावरून देशमुखाचे घर पाडले, तेव्हा गावाने त्या सावकाराची शेतीची व घरची कामे बंद केली. पुढच्या वर्षी दख्खनचे दंगे झाले. बॉयकॉटच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. पण इथेही एक बारकावा पाहा. ज्याच्या घरासाठी गाव उठले तो देशमुख होता. गावाबाहेरच्या वस्तीसाठी गावाने सावकाराचे काम बंद केल्याचे उदाहरण कोणी दाखवावे.

आता ऑक्टोबर १८९० मधले पुण्याचे प्रसिद्ध पंचहौद मिशन प्रकरण घ्या. मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून टिळक, रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर जातीबाहेर पडण्याची वेळ आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर प्रायश्चित्ते झाली आणि मंडळी पुन्हा शुद्ध झाली. ख्रिस्त्याच्या हातच्या चहाने बाटलेल्याला प्रायश्चित्त होते. मग ज्याला जन्मानेच बाटलेला ठरवले त्याला कोणते प्रायश्चित्त होते? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नेमका हाच फरक मांडला. विटाळाची कल्पना जगात अनेक समाजांत होती, पण तो विटाळ तात्पुरता असे आणि विधी केला की संपे. पिढ्यानपिढ्या चालणारा आणि कशानेही न फिटणारा विटाळ ही हिंदू समाजाची खास निर्मिती.

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर बॉयकॉट हा शब्द देशाच्या राजकारणात आला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर 'बहिष्कार' हे सूत्र होते. मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार घालणे हे देशभक्तीचे लक्षण ठरले, आणि त्यात गैर काही नव्हते. गैर हे होते की ज्या गावातून विदेशी कापडाची होळी होत होती त्याच गावात माणसांवरचा बहिष्कार तसाच चालू होता आणि त्याला कोणी बहिष्कार म्हणतही नव्हते. त्याला 'धर्म' म्हणत, 'चालत आलेली रीत' म्हणत.

'बहिष्कृत' या शब्दातला आरोप

या पार्श्वभूमीवर आमच्या चळवळीने स्वतःसाठी निवडलेला शब्द पाहा. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद झाली ती 'बहिष्कृत वर्गाची'. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत स्थापन केली ती 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले पाक्षिक 'बहिष्कृत भारत'.

'अस्पृश्य' आणि 'बहिष्कृत' या शब्दांतला व्याकरणाचा फरक साधा आहे, पण त्यात सगळे राजकारण आहे. 'अस्पृश्य' म्हणजे स्पर्श करण्यास अयोग्य. हा शब्द दोष आमच्या अंगात आहे असे सांगतो. 'बहिष्कृत' म्हणजे बाहेर केलेला. हा शब्द उच्चारला की लगेच प्रश्न उभा राहतो: कोणी केला? हा शब्द आपली अवस्था सांगता सांगता दुसऱ्याचे कृत्य उघड करतो. पुढे आलेल्या 'दलित' या शब्दाचेही तसेच. दलित म्हणजे दळलेला, भरडलेला. जाते कोणी फिरवले हा प्रश्न त्यात आहेच. 'हरिजन' या शब्दात मात्र असा कोणताच प्रश्न नाही. देवाची माणसे म्हटले की गुन्हेगार गायब होतो. बाबासाहेबांनी तो शब्द का नाकारला, याचे एक उत्तर इथेही मिळते.

मालकांच्या हातातले हत्यार

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी तिचे सदस्य होते. समितीने १९३० साली दिलेल्या अहवालात सामाजिक बहिष्काराचे जे वर्णन आहे ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे. त्याचा आशय असा: अस्पृश्यांना बहुतेक ठिकाणी आर्थिक स्वातंत्र्य नाही. कोणी सवर्णांची जमीन कसतो, कोणी त्यांच्या शेतात मजुरी करतो, कोणी गावकीची कामे करून बलुते मिळवतो. अस्पृश्यांनी आपला हक्क वापरला की गाव ही आर्थिक ताकद वापरते. जमीन काढून घेतली जाते, काम बंद होते, बलुते बंद होते, वापरातल्या वाटा बंद होतात, वाण्याकडून जिन्नस मिळणे बंद होते. आणि कारण काय? सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, हे एक. पण तेवढेच नाही. जानवे घातले, जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे किंवा दागिने घातले, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली, एवढ्यावरूनही बहिष्कार पडे.

हा अहवाल जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा आहे. घोड्यावरच्या वरातीची बातमी मात्र आजच्या वर्तमानपत्रातही सापडते.

१९३५ साली गुजरातमधील धोळका तालुक्यातील कविठा गावात अस्पृश्यांनी आपली मुले गावच्या शाळेत घातली. गावाने बहिष्कार पुकारला, मारहाण केली आणि अस्पृश्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले. गांधीजींनी त्यांना गाव सोडून जाण्याचा सल्ला दिला. गाव सोडायचे ते अन्याय झालेल्यांनी. अन्याय करणाऱ्यांवर खटला भरा असा सल्ला का नाही, हा बाबासाहेबांचा सवाल होता. आता मास्क सरोवराकाठचा बॉयकॉट आठवा. त्याच्या बटाट्यांसाठी हजाराची फौज आली. कविठ्याच्या पोरांच्या पाण्यासाठी कोण आले?

कायदा उलटा फिरवला

बाबासाहेबांची खरी कामगिरी इथून पुढे सुरू होते. तिची चर्चा आपल्याकडेही कमी होते.

बहिष्काराविरुद्ध कायदे जगात आधीपासून होते. पण ते कोणासाठी होते? आयर्लंडमध्ये १८८७ साली कायदा आला तो कुळांचा बहिष्कार मोडण्यासाठी. ब्रह्मदेश हा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. तेथे १९२२ साली बहिष्कारविरोधी कायदा झाला तो राष्ट्रवाद्यांच्या चळवळीला आवर घालण्यासाठी. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९२१ साली असाच कायदा केला. पुढे १९५५-५६ मध्ये माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेद पाळणाऱ्या बसमध्ये पाऊल न ठेवता ३८१ दिवस काढले, तेव्हा याच कायद्याखाली मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह ऐंशीहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले आणि किंग यांना दोषी ठरवून दंड झाला. थोडक्यात, खालच्यांनी हात काढून घेतले की वरच्यांनी कायदा केला. वरच्यांनी खालच्यांचे पाणी तोडले तेव्हा कुठलाही कायदा झाला नाही.

१९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. नागरी समतेचा हक्क कागदावर देऊन भागणार नाही, तो वापरताना जो बहिष्कार पडेल तो दंडनीय गुन्हा झाला पाहिजे, अशी मागणी तीत होती. त्यांची मांडणी अशी होती की उघड मारहाणीपेक्षा बहिष्कार अधिक भयंकर आहे, कारण तो परिणामकारक असतो आणि वर कायदेशीरही ठरतो. प्रत्येक माणसाला कोणाशी व्यवहार करायचा याचे स्वातंत्र्य आहे, या तत्त्वाच्या आड तो लपतो. आज पोलीस ठाण्यात ऐकू येणारा "ज्याची त्याची मर्जी" हा युक्तिवाद बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखला होता.

आणि त्यांनी मसुदा कुठून घेतला? ब्रह्मदेशाच्या त्या १९२२ च्या कायद्यावरून. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या बचावासाठी घडवलेली ढाल त्यांनी उचलली आणि ती गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हाती दिली. घर किंवा जमीन वापरू न देणे, कामावर न ठेवणे, व्यवहार न करणे, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणे, चिथावणी देणे, धमकी देणे, या सगळ्यांची व्याख्या त्यात होती.

पण सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. त्यांनी त्यात अपवाद ठेवले. खऱ्याखुऱ्या कामगार तंट्यातील कृती आणि धंद्यातील नेहमीची चढाओढ यांना बहिष्कार म्हणता येणार नाही. कामगाराने हात काढून घेणे आणि मालकाने वस्तीचे पाणी तोडणे या दोन गोष्टी एका मापाने मोजायच्या नाहीत, हे त्यांनी मसुद्यातच लिहून ठेवले. पुढे १९३८ साली मुंबई विधिमंडळात, संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. दोन्ही भूमिका एकाच विचारातून येतात.

किंग यांनाही हाच प्रश्न पडला होता. 'स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम' या १९५८ च्या पुस्तकात त्यांनी लिहिले आहे की, वर्णद्वेषी गोऱ्यांच्या संघटना कृष्णवर्णीयांविरुद्ध बहिष्काराचेच हत्यार वापरत होत्या, त्यामुळे आपणही तेच करतो आहोत का, या विचाराने ते अस्वस्थ झाले. शेवटी त्यांनी उत्तर काढले की आपण बस कंपनी बुडवायला निघालो नसून अन्यायी व्यवस्थेला दिलेले सहकार्य काढून घेतो आहोत.

आज हातात काय आहे?

बाबासाहेबांचा मसुदा वाया गेला नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात बहिष्काराची व्याख्या जवळजवळ त्याच शब्दांत आली. अस्पृश्यता पाळायला नकार दिला म्हणून स्वतःच्या जातीने एखाद्याला वाळीत टाकले, तर त्यालाही याच कलमात संरक्षण आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार या दोन्हींच्या व्याख्या दिल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीवर, कुटुंबावर किंवा गटावर असा बहिष्कार घालणे किंवा घालण्याची धमकी देणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रार लिहिताना 'आर्थिक बहिष्कार' हे शब्द स्पष्ट लिहा. मजुरी कोणी, कधीपासून, काय सांगून बंद केली, हे तारखेनिशी लिहा.

याशिवाय महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो जातपंचायती आणि गावकीला लागू होतो, कोणत्याही जातीच्या. हा मुद्दा आपल्यालाही आरसा दाखवणारा आहे. पोटजातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्याच भावकीने एखादे घर तोडले असेल तर तोही बहिष्कारच आहे, आणि निळा झेंडा खांद्यावर घेतल्याने तो पवित्र होत नाही.

मुंबई राज्याने १९४९ सालीच धर्म वा जातीतून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती, हेही विसरू नये. दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो कायदा बहुमताने रद्द केला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी मात्र वेगळे मत दिले. त्यांनी बहिष्कृताच्या अवस्थेचे नाते थेट अस्पृश्यतेशी आणि अनुच्छेद १७ शी जोडले. हा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे.

तीन प्रश्न

आता सुरुवातीच्या युक्तिवादाकडे येऊ. "तुमचा बहिष्कार चालतो, मग आमचा का नाही?" असे कोणी म्हटले की त्याला तीन प्रश्न विचारा.

पहिला, जगण्याची साधने कोणाच्या हातात आहेत? मेयोच्या कुळांनी आपले श्रम काढून घेतले. बॉयकॉटची विहीर त्यांच्या ताब्यात नव्हती. गाव जेव्हा वस्तीवर बहिष्कार घालते तेव्हा जमीन, दुकान, गिरणी, वाट, पाणी सगळे गावाच्या हातात असते.

दुसरा, मागणी काय आहे? कुळांची मागणी खंड कमी करण्याची होती. माँटगोमेरीची मागणी बसमध्ये समान वागणुकीची होती. २०१६ साली उना येथे चामडे सोलणाऱ्या तरुणांना अमानुष मारहाण झाल्यावर सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर मेलेली गुरे आणून टाकणाऱ्यांची मागणी माणूस म्हणून जगू देण्याची होती. वस्तीवर बहिष्कार घालणाऱ्या गावाची मागणी असते की संविधानाने दिलेला हक्क सोडा, तक्रार मागे घ्या, पायरीने राहा.

तिसरा, परतीची वाट आहे का? अथेन्सचा हद्दपार नागरिक दहा वर्षांनी परत येत होता. पंचहौदचा चहा प्रायश्चित्ताने उतरत होता. बॉयकॉटने खंड कमी केला असता तर मजूर दुसऱ्या दिवशी कामावर आले असते. जन्माने बहिष्कृत असलेल्याने काय केले म्हणजे बहिष्कार उठेल? या प्रश्नाला मनुस्मृतीकडे उत्तर नव्हते. म्हणून १९२७ साली महाडला ती जाळावी लागली, आणि म्हणून १९५६ साली नागपूरला परतीची वाट शोधण्याऐवजी आम्ही नवी वाट धरली.

बॉयकॉट हा शब्द नांगर धरणाऱ्या हातांनी घडवला. ज्यांच्या ताब्यात जमीन, विहीर आणि दुकान आहे त्यांनी तो तोंडात घालून आमच्यावर समतेचा दावा करू नये. आणि आमच्या तरुणांनी तो शब्द समाजमाध्यमावरच्या एका दिवसाच्या आरोळीत खर्ची घालू नये. मेलेले ढोर ओढायला नकार देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तो शब्द न वापरता बहिष्कार केला, त्याची किंमत उपाशी राहून मोजली आणि तरी माघार घेतली नाही. गावात उद्या वस्तीचे दळण बंद झाले तर रडत बसू नका, 'मर्जी'च्या युक्तिवादाने दबू नका. तारखा लिहून ठेवा, साक्षीदार जमवा, कलम दाखवा, एकजुटीने उभे राहा. शिका, चेतवा आणि संघटित करा हे ब्रीद बहिष्कृत हितकारिणी सभेचे आहे. बहिष्कृतांनीच ते लिहिले आणि बहिष्कार संपवण्यासाठीच लिहिले.

जय भीम!